जुन्या डब्यातली नवी वस्तू

सुनीतीबाईंच्या नाकावरचा चष्मा त्यांच्या यजमानांचा, विष्णुपंतांचा होता. म्हणजे फ्रेम विष्णुपंतांची, काचा बाईंच्या. विष्णुपंत गेल्यावर थोड्याच दिवसांत बाईंनी ती फ्रेम चष्मेवाल्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "यात माझ्या नंबरच्या बसवा." चष्मेवाला म्हणाला, पुरुषी दिसेल. बाई म्हणाल्या, "दिसू दे. मला नीट दिसलं म्हणजे झालं."

नगरजवळच्या केडगावात पुणे रस्त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. समोरच्या कॉलनीतलं पहिलंच घर बाईंचं. दुकानात बसल्या बसल्या त्यांचं फाटक, ओटा आणि पुढची खोली दिसायची. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये हे मलाही कळतं, पण घरच समोर असेल तर माणसाने मान किती वेळ फिरवून बसायचं? त्यामुळे बाईंच्या घरात काय चाललंय हे मला त्यांच्या मुलापेक्षा जास्त माहीत असायचं. यात माझी फुशारकी नाही. मुलगा पुण्यात होता आणि मी समोर होतो, एवढंच.

बाई जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. अख्खं केडगाव त्यांना बाईच म्हणायचं. टाकून देणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. साडी विरली की तिची दुलई, दुलई फाटली की पायपुसणं. त्यांच्या ओट्यावर तुळस होती ती एका फुटक्या बादलीत, आणि त्या बादलीची कडी मागच्या दाराला आतून लावलेली मी स्वतः पाहिली आहे.

कॉम्प्युटर आणला विष्णुपंतांनी. जिल्हा परिषदेत कारकुनी करून निवृत्त झाले आणि लग्नपत्रिका जुळवायचा धंदा सुरू केला. मशीन घरात आलं त्या दिवशी त्यांनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. कॅबिनेटच्या डोक्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, नारळ मात्र बाहेर ओट्यावर फोडला, आत पाणी उडायला नको म्हणून. एवढी अक्कल त्यांना होती. पुढे वर्ष-सव्वा वर्षात एका पावसाळ्यात ते गेले. स्वस्तिक राहिलं. बाई मशीन रोज पुसत, तेवढी जागा सोडून.

बाई घरी बसून राहणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या मशीनपुढे बसल्या. शुद्धलेखन त्यांचं होतंच, बाकीचं त्या शिकल्या. आपल्याकडच्या लग्नपत्रिका काय असतात ते सांगायला नको. नवरानवरीची नावं दोन ओळीत संपतात, मग निमंत्रक, आपले विनीत, व्यवस्थापक, आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. एक नाव सुटलं तर एक भाऊबंद कायमचा तुटतो. बाईंच्या हातून नाव सुटत नसे. हजेरीपट घेतल्यासारखी त्या एकेक नाव मोठ्याने वाचून घेत आणि यजमानाला 'हजर' म्हणायला लावायचं तेवढं बाकी ठेवत.

आणखी एक. पत्रिकेच्या माथ्यावर काय घालायचं हे त्या आधी विचारत. नगरमधले बाकीचे लोक सवयीने गणपती ठोकून देत. बौद्ध वस्तीतून कुणी आलं की त्या पोराला मग 'अहो, आमच्यात गणपती नसतो' असं चारचौघांत सांगावं लागे. बाईंकडे ते सांगावं लागत नसे. म्हणून भीमराज आपल्या वस्तीतल्या सगळ्या पत्रिका बाईंकडेच पाठवायचा.

भीमराज म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. डिप्लोमा झालेला, अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी. त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूला होतं. दुकानात बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि जिकडेतिकडे लोकांच्या मशीनची आतडी. उदबत्तीसुद्धा नाही. खंडेनवमीला सगळी बाजारपेठ हत्यारं पुजायची तेव्हा हा पठ्ठ्या स्क्रू फिरवत बसलेला असायचा.

आता मुलगा. अनीश. पुण्यात कंपनीत नोकरी, बायको मनवा, नवीन फ्लॅट. वडील गेल्यापासून त्याचं एकच पालुपद, आई, घर विकू आणि तू पुण्याला चल. मुलगा वाईट नव्हता, मी तसं म्हणणार नाही. पण पुण्यात राहिलं की माणसाला वाटायला लागतं, बाकीचे लोक गावाकडे नाइलाजाने राहतात.

अठ्ठ्याण्णव सालच्या पाडव्याला तो आला तो घराला गिऱ्हाईक घेऊनच. बाईंनी गिऱ्हाइकाला चहा दिला आणि मुलाला सांगितलं, "हा एक लग्नाचा हंगाम मला दे. काम नीट झालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही झालं तर मी बॅग भरते."

अनीश म्हणाला, "या मशीनवर? आई, हे बैलगाडीसारखं चालतं."

यात खोटं काही नव्हतं. पंच्याहत्तर मेगाहर्ट्झचा पेंटियम. पत्रिकेवर गणपतीचं चित्र घेतलं की आधी मुकुट उमटे, मग सोंड, आणि मोदक येईपर्यंत गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन तंबाखू मळून जाई. बाईंनी भीमराजला बोलावलं. तो म्हणाला, नवीन मशीन घ्या. बाई म्हणाल्या, "याच्यातलं खराब काय झालंय?"

"खराब काही न्हाई झालं बाई. हळू हाय."

"हळू कशामुळे?"

"प्रोसेसरमुळं."

"मग तेवढाच बदल."

भीमराजने बरंच समजावलं. मेमरी जुनी, पॉवर सप्लाय जुना, जुन्यात नवं घातलं की कधी कुठं बिघडेल सांगता येत नाही. बाईंनी त्याला आपला चष्मा काढून दाखवला. पुढे वाद झाला नाही. बोर्ड नशिबाने नवा प्रोसेसर घेण्याजोगा होता. भीमराजने मुंबईहून दोनशे मेगाहर्ट्झचा एमएमएक्स प्रोसेसर मागवला आणि एका रविवारी येऊन बसवून गेला. डबा तोच, पडदा तोच, कीबोर्ड तोच. आत आगपेटीएवढी एक वस्तू नवीन.

आणि मशीन पळायला लागलं! गणपती सोंडेसकट एकदम उमटू लागला. बाईंनी मला मुद्दाम हाक मारून दाखवला. मी म्हणालो, बाई, आता माझं नुकसान, तुमची गिऱ्हाइकं तंबाखूला यायची नाहीत. त्या खूप हसल्या. विष्णुपंत गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही निघाले नाहीत. काम जरा वेळ चाललं की मशीन जागच्या जागी गोठायचं. माउस हलेना, कळ दबेना. बंद करून थोडं थांबायचं, मग पुन्हा चालू करायचं. पुन्हा थोडा वेळ काम, पुन्हा तेच. त्यात उन्हाळा नगरचा, त्यात दुपारी वीज जायची. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. राहात्याच्या एका कुटुंबाची पत्रिका, सगळी भावकी टाइप करून झालेली, छापखान्यासाठी ट्रेसिंग कागदावर काढायच्या आधीच गेली. ती मंडळी दुपारच्या एसटीने परत जायची होती, ती गेली ती दुसरीकडे काम देऊनच. बाई फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेल्या. मग तिथेच उभ्या राहिल्या.

भीमराज किती वेळा आला याला गणती नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. वायरी बदलल्या. स्वतःच्या दुकानातला पॉवर सप्लाय आणून लावून पाहिला. काही नाही. मी त्याला म्हणालो, "अरे, नवीन आहे तोच फुसका निघाला असेल. तोच काढून बघ की."

"बगू," म्हणाला आणि पुन्हा मेमरीलाच हात घातला. मला तेव्हाच त्याचा राग आला होता. जिथे दुखतंय तिथे हात लावायचा नाही आणि बाकी सगळं अंग चोळत बसायचं, हा कुठला वैद्य? पण मी झेरॉक्सवाला, मला कोण विचारतो.

मे महिना संपत आला तेव्हा अनीश आला. शनिवारी दुपारी आला आणि आईच्या मागे खुर्ची घेऊन बसला. मी एका पत्रिकेच्या प्रती द्यायला गेलो होतो. भीमराजही होता, कॅबिनेटशेजारी फरशीवर बसलेला. बाई टाइप करत होत्या, पाठ ताठ, शाळेत तपासणी आल्यासारखी. आणि व्हायचं तेच झालं. नवरीच्या मामाचं आडनाव अर्धं उमटलं आणि मशीन थांबलं.

बाईंनी कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले.

अनीश हळूच म्हणाला, "आई, झाला ना हंगाम?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो प्रेमाने म्हणाला. ठरलं होतं ते त्यांनीच ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "हो. झाला." मला त्या वेळी फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

तेवढ्यात भीमराजने मशीनची वायर उपसली आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. "एक मिंट," म्हणाला. झाकण काढलं. विष्णुपंतांचं स्वस्तिक भिंतीला टेकवून ठेवलं. बाकी कशाला न शिवता त्याने सरळ प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याची क्लिप सोडवली. पंखा त्याच्या खालच्या धातूच्या ठोकळ्यासकट उचलला.

आम्ही सगळे वाकलो. प्रोसेसरच्या पाठीवर कुंकू होतं. नीट बोटाने लावलेलं, वाळून भाजून तपकिरी झालेलं. आणि एका कडेला त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा. त्या दाण्यावर तो ठोकळा एका अंगाने उचलला गेला होता. दिवसभर त्या चिपेने तापायचं आणि उष्णता न्यायला वर कुणी टेकलेलंच नाही, अशी सगळी तऱ्हा.

"हे काय आहे?" अनीश म्हणाला.

"माजी चूक हाय," भीमराज म्हणाला. "पंखा नीट बसला नव्हता."

"ते दिसतंय. पण कुंकू?"

"ते बी मीच लावल्यालं. नवीन वस्तू बसवली का लावतो आमी दुकानात."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. ज्याच्या दुकानात चिमूटभर कुंकू कधी आलं नाही, तो हे सांगत होता, आणि मान खाली घालून सांगत होता. अनीशलाही ते पटलं नसणार, तोही केडगावातच वाढलेला. पण त्याला दोषाला धनी मिळाला होता. तो सुरू झाला. तुमच्यासारखे लोक, कामाची पद्धत नाही, माझ्या आईचा अख्खा हंगाम वाया घालवलात. भीमराज ऐकून घेत होता. नाव खराब होणार हे त्याला कळत होतं. तेवढ्या एका नावावर तर त्याचं दुकान चाललं होतं.

"अनीश, थांब," बाई म्हणाल्या. "आणि भीमराज, खोटं बोलायचं नाही. वर बघ."

त्याने वर पाहिलं.

"कुंकू मी लावलंय," बाई म्हणाल्या. "हा भीमराज पंखा आणायला बाहेर स्कूटरकडे गेला होता तेव्हा. घरात नवीन वस्तू आली की पूजा करायची, तुझे बाबा करत आले. डब्याची त्यांनी केली होती, पडद्याची केली होती. बाकी सगळं जुनं, त्याची झालेली. नवीन एवढंच होतं, म्हणून त्याची केली. कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. वर पंखा बसणार हे मला ठाऊक होतं. त्याने बिघडेल हे ठाऊक नव्हतं."

अनीशने डोक्याला हात लावला. "म्हणून म्हणतो ना आई, हे तुझं काम नाही."

यावर बोलला तो भीमराज. त्याचा आवाज चढला होता, आणि इतकं लांब बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं.

"त्यांला ठाव नव्हतं, मला ठाव हुतं! मी आलो तवा समूर दिसत हुतं. तांदूळ फुंकून काढले, एक राह्यला आसंल. कुंकू पुसायला पायजे हुतं. सगळ्या मशिनी आमी पुसूनच बसवतो. पन न्हाई पुसलं. बंद पडायला लागलं तवा पयल्याच दिवशी शंका आली, तरी तिथं हात घातला न्हाई. मेमरी घासत बसलो."

"का पण?" अनीश म्हणाला.

"तुमी हितं नसता. संक्रांतीला या कॉलनीत काय हुतं, माहीत हाय तुमाला? या बाईंच्या फाटकावरनं सगळ्या बाया नटून जात्यात. यांला एक बी हाक मारत न्हाई. कुंकवाला यांला कुनी बोलवत न्हाई. आमच्यात हे काईच न्हाई, मला त्या कुंकवाचं काई बी न्हाई. पन यांनी स्वताच्या हातानं, दार लोटून, कुनाला न इचारता लावल्यालं. ते मी पुसू?"

मी खाली बघत होतो. संक्रांतीचं ते मीही पाहिलं होतं. जानेवारीतली ती संध्याकाळ, जरीच्या साड्या, वाणाची ताटं, आणि आमच्या सौभाग्यवतीसुद्धा त्यातच, त्या फाटकापाशी आल्या की बोलणं बंद करून पावलं उचलणाऱ्या. याच बाईंनी त्यांच्या पोरांना बाराखडी गिरवून घेतलेली. आत बाई मशीनवर बसलेल्या होत्या, आणि पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडलेला होता. त्या दिवशी त्यांच्याकडे काहीही काम नव्हतं. काम आलं असतं तर प्रतींसाठी माझ्याकडेच आलं असतं, म्हणून मला माहीत. मला आमच्या लोकांची चीड येते ती अशा वेळी.

अनीशने आईकडे पाहिलं. "आई, तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" बाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या. भीमराजच्या पिशवीतून त्यांनी स्पिरिटची बाटली आणि कापूस काढून घेतला, पदर खोचला, चष्मा वर सरकवला आणि फरशीवर बसल्या. नखाने तो दाणा अलगद सुटा केला. मग कापूस भिजवून प्रोसेसरवरचं कुंकू पुसलं, एकदा, दोनदा, कापूस पांढरा येईपर्यंत. पुसताना त्यांचा चेहरा पाटी पुसताना असायचा तसाच होता.

"बसव आता पंखा," त्या भीमराजला म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी माझं काही चुकलं तर तोंडावर सांगायचं. शाळेत मी चुकीला कधी मारलं नाही, लपवण्याला मारलंय."

"व्हय बाई."

"आणि अनीश, तू म्हणतोस ते खरं आहे. चूक माझी आहे, आणि ठरलं ते ठरलं. मी बॅग भरते. पण काम येत नाही म्हणून मला नेऊ नकोस. चुकलं म्हणून मी कुणाचं नाव शाळेतून काढलं नव्हतं."

भीमराजने पंखा बसवला, झाकण लावलं. बाईंनी हातात घेतलेली पत्रिका पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतली. मी प्रती देऊन निघायला हवं होतं, निघालो नाही. ऊन उतरलं. मामाचं आडनाव पुरं झालं, विनीत झाले, व्यवस्थापक झाले, किलबिल झाली. मशीन थांबलं नाही. अनीश मागे त्याच खुर्चीवर बसून होता. मध्येच तो उठला, आत गेला, आणि आईसाठी चहा करून घेऊन आला. चहा पांचट होता, मीही घेतला.

जाताना तो माझ्या दुकानापाशी थांबला. म्हणाला, "काका, फोन करायचाय." माझ्या दुकानात एसटीडी होता. त्याने घराच्या त्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. पलीकडून का म्हणून विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "आमचा हंगाम अजून चालू आहे." फोनचे पैसे मी घेतले नाहीत. माझ्या स्वभावात ते बसत नाही, पण त्या दिवशी बसलं.

पुढच्या संक्रांतीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका नेहमीसारख्या निघाल्या. बाईंच्या फाटकापाशी रिक्षा येऊन थांबली आणि मनवा उतरली, पुण्याहून एकटीच आलेली, हातात झाकलेलं तबक. ती फाटकातून सरळ आत गेली आणि मशीनवर बसलेल्या सासूपुढे उभी राहून तिने कुंकवात बोट बुडवलं. रस्त्यावरच्या बायकांची पावलं थांबली. आमच्या सौभाग्यवती सगळ्यांत पुढे होत्या.

बाईंनी तिचा हात मध्येच धरला. मला वाटलं, नको म्हणतात. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, कपाळ पुढे केलं आणि कॅबिनेटकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझं झालं की त्यालाही लाव. पण बाहेरून."